वर्षानुवर्षं उभ्या गाडीतलं जुनं पेट्रोल: काढायचं कसं आणि द्यायचं कुणाला

बाबांची १९९८ची चेतक स्कूटर आमच्या पुण्यातल्या कर्वेनगरच्या सोसायटीत पार्किंगच्या कोपऱ्यात सहा वर्षं उभी होती. वर ताडपत्री, ताडपत्रीवर कुणाच्या तरी मुलाची सायकल. बाबा गेल्यावर ती विकायची नाही एवढंच आमच्या घरी ठरलं, चालू कधी करायची ते कुणीच ठरवलं नाही. शेवटी एका रविवारी मी ती बाहेर ओढली, टाकीचं झाकण उघडलं आणि आत नाक नेलं. पेट्रोलचा वास नव्हताच. जुना रंगाचा डबा उघडल्यावर येतो तसा आंबूस, व्हार्निशचा वास होता.

पुढच्या तीन आठवड्यांत मी करता येण्यासारख्या बहुतेक सगळ्या चुका केल्या. तुमच्याकडेही आजोबांची स्कूटर, परदेशी गेलेल्या भावाची बाइक किंवा लॉकडाउनपासून न हललेली मारुती असेल, तर निदान त्याच चुका पुन्हा करू नका. नव्या करायला जागा भरपूर आहे.

सगळ्यात मोठी चूक आधीच सांगतो. पेट्रोल काढणं अर्ध्या तासाचं काम आहे. ते काढल्यावर ठेवायचं कशात आणि द्यायचं कुणाला, यात दिवस जातात. म्हणून हा भाग आधी उरकायचा, कॉकला, म्हणजे टाकीखालच्या पेट्रोलच्या तोटीला, हात नंतर लावायचा. मी उलटं केलं आणि सव्वातीन लिटर घाण पेट्रोल घेऊन घरात बसलो.

१. किक मारू नका

उभी गाडी दिसली की प्रत्येक पुरुषाचा पाय आपोआप किककडे जातो. आवरा. टाकीतलं पेट्रोल टाकीत आहे तोवर नुकसान टाकीपुरतं आहे. किक मारलीत, सेल्फ दाबलात की तोच चिकट माल पाइपातून कार्बोरेटरमध्ये, म्हणजे पेट्रोल हवेत मिसळतं त्या भागात, आणि तिथून पुढे जातो.

माझ्या बाबतीत हे एका मेकॅनिकने केलं. 'थोडं नवीन टाकू, मिक्स होईल, धूर मारेल आणि होईल नीट,' म्हणाला आणि वर एक लिटर ओतून वीस-पंचवीस किका मारल्या. गाडी एकदा फुरफुरली, मग ढिम्म. नवं पेट्रोल फुकट गेलं, कार्बोरेटरमधला बारीक भोकाचा स्लो जेट बंद झाला आणि काढायचा माल लिटरभराने वाढला.

पेट्रोल बिघडतं म्हणजे काय होतं? त्यातला हलका, चटकन पेटणारा भाग आधी उडून जातो. उरलेल्याचा हवेशी संयोग होऊन हळूहळू डिंकासारखा चिकटा तयार होतो. त्यात आता इथेनॉलची भर आहे. फेब्रुवारी २०२३ पासून आपल्याकडे ई२० म्हणजे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल पंपांवर यायला लागलं. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. पुण्याच्या चार महिन्यांच्या पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी बाहेरची दमट हवा आत घेत राहते, आणि पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल त्याच्यासकट वेगळं होऊन तळाशी बसतं. गाडी पेट्रोल ओढते ते तळातूनच.

२. आधी सामान जमवा

– पत्र्याचा, फिरकीच्या बुचाचा कॅन, बुचात रबरी चकती असलेला. ऑइलचा रिकामा पाच लिटरचा कॅन उत्तम. तुपाचा डबा नको, त्याचं दाबून बसणारं झाकण वाफ धरत नाही.
– पत्र्याचं नरसाळं आणि बारीक जाळी
– पारदर्शक काचेची छोटी बाटली, नमुन्यासाठी
– पेट्रोल चालेल असा नवा पाइप, दोन क्लिपा, नवा फिल्टर (तिन्ही मिळून किरकोळ खर्च)
– पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, प्लगपाना
– नायट्राइलचे हातमोजे, सुती जुने कपडे
– वाळूची बादली आणि पावडरचा अग्निशामक. सोसायटीचा घेणार असाल तर त्याचा काटा हिरव्यात आहे का ते बघून घ्या. आमच्या चारपैकी दोघांचा नव्हता.

दुचाकीच्या सामानाला नाना पेठ. पाइप, फिल्टर, कॉक, कार्बोरेटरचा वॉशर-किट सगळं एका फेरीत मिळतं. फक्त जुना भाग बरोबर न्या. 'चेतकचा कॉक द्या' म्हटल्यावर दुकानदाराने तीन प्रकारचे पुढे ठेवले आणि माझ्याकडे फक्त आत्मविश्वास होता. पत्र्याचा कॅन मला बुधवारी जुन्या बाजारात मिळाला.

पत्र्याचाच हट्ट का? १९३४च्या पेट्रोलियम कायद्याप्रमाणे विक्रीसाठी नसलेलं ३० लिटरपर्यंत पेट्रोल बाळगायला परवाना लागत नाही. पण ते घट्ट बुचाच्या भांड्यात हवं: काचेचं किंवा चिनी मातीचं असेल तर एक लिटरपर्यंतचं, धातूचं असेल तर २५ लिटरपर्यंतचं. प्लॅस्टिकचं नावच नाही तिथे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी माझा अनुभव ऐका. मी पहिल्यांदा पाण्याच्या दोन लिटरच्या दोन बाटल्यांत भरून त्या बाल्कनीत ठेवल्या. एप्रिल महिना. दुपारी चारला बघतो तर बाटल्या फुगून टम्म, तळ बाहेर आलेला, त्यामुळे सरळ उभ्याही राहत नव्हत्या. एकीचं बूच हळूच सैल केलं तर फुस्सकन वाफ बाहेर. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी तेवढ्यात विचारलं, 'अरे, गॅस लीक आहे का रे तुमच्याकडे?' बाल्कनीच्या पलीकडच्या खोलीत आईची संध्याकाळची निरांजनं पेटायला दोन तास होते.

३. घेणारा आधी ठरवा

कुणाला द्यायचं नाही ते आधी.

गटारात किंवा बाथरूममध्ये नाही. सांडपाण्याच्या चेंबरमध्ये वाफ साठते आणि कुठल्याही ठिणगीने पेटू शकते. मेक्सिकोतल्या ग्वादलाहारा शहरात २२ एप्रिल १९९२ला गटारात झिरपलेल्या पेट्रोलने रस्तेच्या रस्ते उडाले, दोनशेच्या वर माणसं गेली. पावसाळी गटारात ओतलंत तर ते नाल्यातून थेट मुठा नदीत.

मातीत नाही. वाळवीवर, गवतावर पेट्रोल ओतायचा सल्ला मला दोघांनी दिला. वाळवी राहते, माती जाते, आणि ज्यांच्या सोसायटीत बोअर आहे त्यांनी तर विचारही करू नये. होळी जवळ असली की 'ठेव, होळीला होईल' म्हणणारा एक जण भेटतोच. पेट्रोल लाकडासारखं जळत नाही, आधी वाफ भडकते, मग हात.

घंटागाडीत किंवा 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताईंकडे नाही. त्या कचरा हाताने वेगळा करतात. बंद बाटलीत काय आहे हे त्यांना कळणार कसं?

स्टोव्हमध्ये नाही. रॉकेलच्या स्टोव्हमध्ये पेट्रोल म्हणजे स्फोट.

आता द्यायचं कुणाला. रांजणगाव एमआयडीसीत धोकादायक कचऱ्याच्या विल्हेवाटीची सामायिक सुविधा आहे, पण ती चालते कारखान्यांच्या मालावर. चार लिटरचा कॅन घेऊन थेट तिथे जाण्यात अर्थ नाही. आपला मार्ग मधला: मोठं सर्व्हिस सेंटर. तिथे वापरलेलं ऑइल आणि खराब इंधन रोजच निघतं, आणि २०१६च्या धोकादायक कचरा नियमांप्रमाणे त्यांना ते ९० दिवसांच्या आत अधिकृत संस्थेकडे द्यावं लागतं, फॉर्म १० (माल कुठून कुठे गेला त्याची नोंद) भरून. तुमचा कॅन त्यांच्या मालाबरोबर जाऊ शकतो.

फोनवर 'जुनं पेट्रोल घेता का?' असं विचारलंत तर रिसेप्शनवरून 'नाही सर' येणार. वर्कशॉपच्या सुपरवायझरशी बोला आणि असं विचारा: 'तुमचं खराब इंधन कोण उचलतं? त्यात माझे चार लिटर घ्याल का? गाडीही तुमच्याकडेच दाखवायची आहे.' तिसरं वाक्य महत्त्वाचं. मला दोघांनी नकार दिला, तिसऱ्याने घेतलं. त्याने 'ओता त्या ड्रममध्ये' म्हणून वापरलेल्या ऑइलचा ड्रम दाखवला तर नको म्हणा. ऑइलमध्ये पेट्रोल मिसळलं की तो साधा ड्रम भडक्याचा ड्रम होतो. वेगळ्या कॅनमध्येच द्यायचं. कुणीच घेत नसेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाचं कार्यालय वाकडेवाडीला जोग सेंटरमध्ये आहे. तिथे अधिकृत संस्थांबद्दल विचारा.

४. जागा आणि वेळ

बेसमेंटमध्ये काढायचं नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरत खोलगट जागेत जाऊन बसते. बहुतेक सोसायट्यांत पार्किंगच्याच भिंतीवर महावितरणचे मीटर असतात, शेजारी पाण्याच्या पंपाचं पॅनेल, आणि पंप ठरल्या वेळी आपोआप सुरू होतो. गाडी ढकलत उघड्यावर न्या. टायर बसले असतील तर आधी हवा भरा.

सकाळी लवकर करा, ऊन चढायच्या आत. वॉचमनला सांगून ठेवा. आमच्याकडे वॉचमनकाका बिडी घेऊनच बघायला आले होते. फोन खिशात नको, घरी ठेवा. बॅटरी असेल तर आधी निगेटिव्हची वायर सोडवा. अग्निशमन दलाचा १०१ आधीच माहीत असू द्या. आग लागलीच तर पाणी मारू नका, पेट्रोल पाण्यावर तरंगतं आणि आग पसरते. वाळू नाहीतर पावडर.

५. टाकी रिकामी करणं

तोंडाने ओढायचं नाही. 'आम्ही आयुष्यभर असंच काढलं' म्हणणारे काका प्रत्येक इमारतीत असतात. पेट्रोल चुकून फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो. कुणी गिळलंच तर उलटी काढायला लावू नका, सरळ दवाखान्यात न्या. पेट्रोलमध्ये बेंझिन असतं, त्याने कॅन्सर होऊ शकतो. म्हणून हात धुवायला, चेन धुवायलाही पेट्रोल वापरू नका.

चेतकसारखी हाताच्या कॉकची गाडी: कार्बोरेटरकडचा पाइप काढा, त्याचं टोक कॅनमध्ये तळापर्यंत सोडा आणि कॉक 'रिझर्व्ह'वर करा. 'ऑन'वर ठेवलात तर आतल्या उभ्या नळीच्या खालचं पेट्रोल तसंच राहतं, आणि सगळी घाण तिथेच असते. मी 'ऑन'वर काढून टाकी रिकामी झाली म्हणून खूश झालो होतो. रिझर्व्हवर केल्यावर काळपट चहासारखं अजून पाऊण लिटर आलं.

गिअरलेस स्कूटर: अनेकींना हाताचा कॉक नसतो. इंजिन फिरून ओढ लागली की तो आपला आपण उघडतो. पाइप काढून बसलात तर तासभर बसाल. इथे वरून काढायचं, रॉकेल काढायला पूर्वी घरोघरी असायचा त्या दाबायच्या हातपंपाने. सावकाश दाबा. जोरात वाहणाऱ्या पेट्रोलने प्लॅस्टिकवर स्थिर वीज साठते.

एप्रिल २०२० नंतरची बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या निकषाची) गाडी, किंवा कार्बोरेटरऐवजी इंजेक्शन असलेली कुठलीही कार: हात लावू नका. पंप टाकीच्या आत असतो आणि पाइपात दाब असतो. टोइंग करून वर्कशॉपला. टाकी त्यांनीच रिकामी केली तर विल्हेवाटही त्यांच्याच गळ्यात, हा त्यातला फायदा.

कॅन पाऊणच भरा. वाफेला जागा लागते. बूच लावा, पट्टी चिकटवून ठळक लिहा: जुने पेट्रोल, ज्वालाग्राही. आमच्या घरात बाटलीत दिसेल ते द्रव झाडांना घालणारी माणसं आहेत.

६. सगळं पेट्रोल टाकाऊ नसतं

काचेच्या बाटलीत थोडं घ्या, अर्धा तास सावलीत स्थिर ठेवा आणि उजेडासमोर धरा.

तीन-चार महिन्यांचं, स्वच्छ, नेहमीचा झणझणीत वास असलेलं: वापरा, काही होत नाही.

सहा महिन्यांच्या आसपासचं, दिसायला स्वच्छ पण वास मवाळ झालेलं: जाळीतून गाळून, एक भाग जुनं आणि पाच भाग ताजं असं जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत संपवता येतं. नव्या इंजेक्शनच्या गाडीत मी घालणार नाही. शंभर-दोनशे रुपये वाचवून इंजेक्टर साफ करायचा हिशोब मला जमत नाही.

वर्षाच्या वरचं, काळपट, आंबूस, किंवा बाटलीत दोन थर दिसणारं: टाकाऊ. वरचा थर अलगद ओतून वापरू, असं डोक्यात येईल. इथेनॉल खाली गेलं की वरच्या पेट्रोलचा ऑक्टेनही, म्हणजे इंजिनात वेळेआधी न पेटण्याचा गुण, घसरलेला असतो. सोडून द्या.

कागदावर एक थेंब टाकून बघा. चांगलं पेट्रोल उडून जातं, कागद कोरा राहतो. चिकटा असलेलं पिवळट डाग ठेवतं. पण जुन्या चेतकसारख्या टू-स्ट्रोकवाल्यांनो, तुमच्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळलेलं आहे, त्यामुळे डाग पडणारच आणि रंगही वेगळा दिसणार. तुम्ही वासावर जा. आणि ऑइल मिसळलेलं ते पेट्रोल शेजाऱ्याच्या फोर-स्ट्रोक बाइकला दान करू नका.

७. कार्बोरेटर, पाइप, टाकी

टाकीत बॅटरीच्या टॉर्चने बघा. हे लिहावं लागतंय कारण आमच्या गल्लीत एकाने लायटर काढला होता. थोडा गंज असेल तर अर्धा लिटर ताजं पेट्रोल घालून टाकी हलवा आणि तेही कॅनमध्येच काढा. टाकीला भोक असेल तर वेल्डिंगवाल्याकडे न्यायच्या आधी ती पूर्ण धुऊन, वाफ घालवून द्या आणि आत पेट्रोल होतं हे त्याला स्पष्ट सांगा. रिकाम्या टाकीतली वाफच जास्त धोक्याची असते.

पाइप आणि फिल्टर डोळे मिटून बदला. जुना पाइप मी वाकवला तर त्याला कोरड्या भाकरीसारख्या चिरा पडल्या.

कार्बोरेटरचा फ्लोटचा डबा (खालची पेट्रोल साठायची वाटी) उघडला तेव्हा तळाला गुळाच्या पाकासारखा तांबूस, कडक थर होता. स्लो जेट म्हणजे शेंगदाण्याएवढा पितळी स्क्रू, मधे केसाएवढं भोक. तो आकाशाकडे धरून एक डोळा मिटून बघायचं. पलीकडचा उजेडाचा ठिपका दिसला तर मोकळा. माझ्यात अंधार होता. त्यात स्टीलची तार किंवा सुई घालू नका, भोक मोठं होतं आणि गाडी कायमची जास्त पेट्रोल खाते. कार्ब क्लीनरमध्ये रात्रभर ठेवला, सकाळी हवा मारली, तरी नाही. शेवटी विजेच्या वायरीतली तांब्याची एक तार घालून हलकेच फिरवली तेव्हा ठिपका दिसला. घरात कुणालाच त्याचं कौतुक वाटलं नाही.

प्लग काढून आत ऑइलचे चार थेंब सोडा आणि दोन-तीनदा हाताने हळू किक फिरवा, मग नवा प्लग. एक लिटर ताजं पेट्रोल, टू-स्ट्रोक असेल तर ऑइलसकट (माझ्या गाडीला लिटरला २० मिली). चोक ओढा. आता मारा किक. पहिली पाच मिनिटं धुराचा लोट येतो, कपडे वाळत घातलेल्या मंडळींना आधी सांगा.

८. कॅन पोचवणं

स्वतःच्या कारच्या डिकीत कॅन उभा, पडणार नाही असा अडकवून, काचा थोड्या उघड्या ठेवून, सरळ वर्कशॉपला. मधे भाजीला थांबायचं नाही. पीएमपीच्या बसमध्ये किंवा रिक्षात नाही. स्कूटरच्या सीटखाली तर नाहीच, तिथे इंजिनाची ऊब असते. पुसायच्या चिंध्या उघड्यावर सावलीत पूर्ण वाळू द्या, बोळा करून कोपऱ्यात टाकू नका.

९. रस्त्यावर आणण्याआधी कागद

– आरसी. १५ वर्षं झाली असतील तर नोंदणीचं नूतनीकरण लागतं: फॉर्म २५, गाडीची तपासणी आणि पर्यावरण कर. नूतनीकरण पाच वर्षांचं मिळतं. पुण्याचं आरटीओ संगम पुलाजवळ, अर्ज आधी परिवहनच्या पोर्टलवर.
– विमा, निदान थर्ड पार्टी.
– पीयूसी. जुनं पेट्रोल थोडं जरी आत राहिलं असेल तर इथे पकडले जाता, म्हणून ताज्या पेट्रोलवर गाडी चांगली गरम झाल्यावरच न्या.
– एप्रिल २०१९च्या आधीची गाडी असेल तर नवी सुरक्षा नंबरप्लेट.
– मालक हयात नसतील तर मृत्यूचा दाखला आणि वारसांची कागदपत्रं. गाडी आधी तुमच्या नावावर करायची, बाकी नंतर. हे काम मला पेट्रोलपेक्षा जड गेलं.

विमा आणि नोंदणी होईपर्यंत गाडी चालवत नेऊ नका, टेम्पोने न्या.

पुन्हा गाडी उभी ठेवायची वेळ आली आणि दोन-तीन महिन्यांचाच प्रश्न असेल, तर टाकी काठोकाठ भरून ठेवा, आत दमट हवेला जागाच नको. त्याहून जास्त असेल तर टाकी रिकामी करा आणि कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे कार्बोरेटरही कोरडा होतो. आमची चेतक आता दर रविवारी सकाळी डेक्कनपर्यंत जाऊन येते. कॉक बंद केल्यावर ती दीड-दोन मिनिटं चालते आणि बंद पडायच्या आधी एकदा जोरात ओरडते. काकू वरून बघतात.